केमोनंतर कुत्रं खात नाही, उलट्या करतं, मलूल पडतं: आधी दिवस मोजा

केमोचं इंजेक्शन झालं की दोन दिवस कुत्रं छान असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताटलीकडे पाठ फिरवतं. मग सावरतं, शेपटी हलवायला लागतं, आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो तोच सातव्या-आठव्या दिवशी पुन्हा कोपरा धरतं. पुढच्या डोसनंतर परत तेच. हा फेरा ज्यांच्या घरात चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आमची मैना लॅब्रॅडॉर. नऊ वर्षांची असताना एका संध्याकाळी पट्टा काढताना जबड्याखाली दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी हाताला लागल्या. सुई टाकून तपासलं तर लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर. साताऱ्याहून पुण्याला ने-आण करत आम्ही तिची पूर्ण केमो केली. पहिला दीड महिना मी तिच्या प्रत्येक त्रासाला ‘केमोचा अशक्तपणा’ हे एकच नाव देत होते. त्या चुकीपायी ती एकदा अगदी हातची जाणार होती.

तिसऱ्या दिवसाचं मलूल पडणं आणि सातव्या दिवसाचं मलूल पडणं दिसायला सारखंच असतं, पण आत जे चाललेलं असतं ते वेगळं. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. गाठीतल्या पेशी तशाच वाढतात, पण आतड्याचं अस्तर आणि हाडांच्या मज्जेत तयार होणारं रक्तही तसंच वाढतं. आतड्याचा त्रास साधारण दोन ते पाच दिवसांत दिसतो. रक्ताचं उशिरा कळतं, कारण आधी तयार झालेल्या पांढऱ्या पेशी काही दिवस पुरतात. तो साठा संपतो आणि मज्जेतून नवा माल आलेला नसतो, असा तळ बहुतेक औषधांत पाच ते दहा दिवसांच्या दरम्यान येतो. कार्बोप्लॅटिनसारख्या औषधात तो आणखी पुढे जातो. म्हणून तुमच्या औषधाचा तळ कितव्या दिवशी येतो, हा प्रश्न पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, इंजेक्शनच्या दिवशी शून्य लिहायला लागले. मग एक, दोन, तीन. प्रत्येक चौकटीत चार गोष्टी: किती खाल्लं, उलटी-जुलाब, शू कशी झाली, ताप किती. दुसरी फेरी संपेपर्यंत त्या पानांवर तिचा आजार उघडा वाचता यायला लागला. लिम्फोमाच्या नेहमीच्या उपचारात व्हिन्क्रिस्टिन, सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन ही आलटून पालटून आणि जोडीला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असतं. चार आठवडे औषध, एक आठवडा विश्रांती, अशा चार फेऱ्या, म्हणजे सगळे मिळून पाचेक महिने. प्रत्येक औषधाची खोड वेगळी, त्यामुळे चौकटीत औषधाचं नावही लिहाच.

दुसरा ते पाचवा दिवस: खाणं बंद, उलट्या, जुलाब

मळमळ ओळखायला शिका, कारण उलटी ही तिची शेवटची पायरी असते. मैना ताटलीपाशी यायची, वास घ्यायची, मान बाजूला वळवायची आणि सारखी ओठांवरून जीभ फिरवायची. घोट गिळल्यासारखं करायची. सासूबाई म्हणायच्या, “बघ, जिभल्या चाटतेय, भूक लागलीय तिला.” भूक नसायची, तोंडाला पाणी सुटून ढवळत असायचं. खालच्या ओठाला लाळेची तार लोंबलेली असायची आणि फरशीवर दोन-तीन थेंब पडलेले असायचे.

इथे आमची मोठी चूक झाली. ती खात नाही म्हणून आम्ही तिचं सगळ्यात लाडकं, उकडलेलं चिकन, हाताने भरवायला लागलो. तिने खाल्लं, तासाभराने ओकलं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस चिकनचा नुसता वास आला तरी उठून जायची. मळमळत असताना जे पोटात जातं त्याचा कुत्र्याला कायमचा वीट येऊ शकतो. म्हणून लाडका पदार्थ मळमळीच्या दिवसांत अजिबात पुढे करू नका, बऱ्या दिवसांसाठी राखून ठेवा. जबरदस्तीने तोंडात कोंबू तर नकाच.

खरा उपाय आधीच्या पायरीवर आहे. मळमळ सुरू झाल्यावर औषध देण्यापेक्षा सुरू व्हायच्या आधी दिलेलं जास्त उपयोगी पडतं. पहिल्या फेरीतला त्रास कालनिर्णयवरच्या नोंदींतून दाखवल्यावर डॉक्टरांनी मॅरोपिटंट हे उलटीवरचं औषध इंजेक्शनच्या दिवसापासूनच सुरू केलं आणि पुढचे चार दिवस चालू ठेवलं. फरक लगेच दिसला. तेवढ्याने भागलं नाही त्या वेळी ओंडान्सेट्रॉन जोडलं, आणि भूकच लागेना तेव्हा मिर्टाझापिन. ही नावं डॉक्टरांशी बोलता यावं म्हणून सांगतेय. मात्रा वजनावर आणि लिव्हर-किडनीच्या रिपोर्टवर ठरते, ती मनाने ठरवू नका.

आमच्याकडे आणखी एक गुंता होता, खंबाटकी घाट. पुण्याला जातानाही ती वळणांवर ओकायची, येतानाही. येतानाची उलटी मी केमोच्या खात्यावर मांडत होते. जाताना, म्हणजे औषध अंगात जायच्या आधी, झालेल्या उलट्या लिहायला लागल्यावर लक्षात आलं की हा गाडीचा त्रास आहे. मॅरोपिटंट गाडी लागण्यावरही चालतं, तेव्हा डॉक्टरांना विचारून त्याची वेळ निघायच्या आधीची केली आणि दोन्ही प्रश्न एकदम सुटले. लांबून येणाऱ्यांनी हे नक्की तपासावं.

खायला मऊ भात, उकडून कुस्करलेला लाल भोपळा, थोडं पनीर किंवा अंड्याचा पांढरा भाग, असं साधं आणि दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. किंचित कोमट करून द्या, म्हणजे वास उठतो. कांदा-लसूण, द्राक्षं, मनुका एरवीही नकोतच. कच्चं मांस मात्र केमो चालू असेपर्यंत पूर्ण बंद, कारण त्यातले जंतू निरोगी कुत्रं पचवून टाकतं, पांढऱ्या पेशी घसरलेलं कुत्रं नाही.

दिवसभरात एखादी उलटी, एखाद-दोन पातळ शी, पण पाणी पोटात टिकतंय आणि डोळे तरतरीत आहेत, तर घरी सांभाळता येतं. चोवीस तासांत वारंवार उलट्या, पाणीसुद्धा बाहेर पडणं, जुलाबात रक्त, किंवा पूर्ण दिवस अन्नाला तोंड न लावणं म्हणजे फोन करायची वेळ. काळी, डांबरासारखी चिकट शी दिसली तर वाट बघूच नका, पोटात वरच्या भागात रक्त जात असू शकतं. व्हिन्क्रिस्टिननंतर काही कुत्र्यांची आतडी मंदावतात, शी होत नाही, पोट फुगतं. तेही सांगण्यासारखं आहे.

जुलाबावर माणसांची लोपरामाइड घरात पडलेली असते. कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड किंवा त्यांची संकरित पिल्लं असतील तर ती गोळी घातक ठरू शकते. या जातींत अनेकदा एबीसीबी१ या जनुकात दोष असतो. त्यामुळे औषध मेंदूत शिरतं आणि व्हिन्क्रिस्टिन, डॉक्सोरुबिसिनची नेहमीची मात्राही त्यांना झेपत नाही. अशा कुत्र्याची जनुकाची तपासणी केमोच्या आधीच करून घ्या. कुठल्याही कुत्र्याला आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल किंवा घरातली दुसरी वेदनाशामक गोळी देऊ नका.

सहावा ते दहावा दिवस: ताप

चौथ्या डोसनंतरचा, म्हणजे पहिल्या डॉक्सोरुबिसिननंतरचा सातवा दिवस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जुलाब झाले होते, ते थांबले होते. सहाव्या दिवशी ती पूर्ण जेवली, फाटकापर्यंत धावत गेली. सातव्या दिवशी पहाटे साडेपाचला उठले तर ती जागेवर नाही. मोरीत, ओल्या थंड फरशीवर पोट टेकून पडलेली. हाक मारली तर फक्त भुवया हलल्या. मी म्हटलं, थकलीय, झोपू दे. नऊ वाजता नवऱ्याने कानाच्या मुळाशी हात लावला आणि म्हणाला, “अगं, ही भाजतेय.” थर्मामीटर लावला तर 104.2.

पुण्याला पोचेपर्यंत तिला उभं राहवेना. रक्तात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, फक्त 300. निरोगी कुत्र्यात त्या तीन हजारांच्या वर असतात. दोन रात्री सलाईन आणि शिरेतून अँटिबायोटिक. तिसऱ्या दिवशी तिने डबा हुंगला आणि मला रडू आवरेना. जंतू बाहेरून आले नव्हते. आतड्याचं अस्तर आधीच सोललेलं होतं, तिथून तिच्या पोटातलेच जंतू रक्तात उतरले आणि त्यांना अडवायला पेशीच नव्हत्या. आधी जुलाब, मग ताप, हा क्रम म्हणूनच लक्षात ठेवायचा.

तेव्हापासून पाचव्या ते दहाव्या दिवसापर्यंत सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा हा घराचा नियम झाला. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, काचेचा नको. टोकाला थोडं व्हॅसलीन लावा, एकाने पुढून मान कुशीत धरावी, दुसऱ्याने शेपूट उचलून गुदद्वारात इंचभर सरकवावा आणि बीप वाजेपर्यंत धरावा. कुत्र्याचा ताप माणसाच्या मापाने वाचू नका. त्यांचं रोजचंच तापमान 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 103 किंवा त्याहून वर गेलं तर तो डॉक्टरांना त्याच क्षणी फोन करण्याचा ताप, मग रात्रीचे दोन वाजले असले तरी. ताप उतरवायची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. उलट बाजूही आहे: कुत्रं फार खचलं की तापमान 99 च्या खाली घसरतं, हिरड्या पांढुरक्या पडतात. ताप नाही म्हणून तेव्हा निर्धास्त राहू नका.

नाक कोरडं-ओलं बघून काही कळत नाही. मैनाचं नाक त्या दिवशी ओलंच होतं.

पुढच्या डोसच्या आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करतात ते याचसाठी. न्यूट्रोफिल साधारण 1,500 ते 2,000 च्या खाली किंवा प्लेटलेट 75,000 ते 1,00,000 च्या खाली असतील तर डॉक्टर आठवडाभर थांबतात. “आज इंजेक्शन देता येणार नाही” हे ऐकून परत साताऱ्याला निघताना जीव तुटायचा, वाटायचं की या आठवड्यात गाठी वाढतील. पण कमी काउंटवर डोस देणं हा त्याहून मोठा धोका असतो. म्हणून नंतर आम्ही आदल्या दिवशी साताऱ्यातच रक्त काढून रिपोर्ट मोबाइलवर पाठवायला लागलो आणि ठीक असेल तरच गाडी काढायचो. त्या तापानंतर तिचा डॉक्सोरुबिसिनचा डोस सुमारे 20 टक्के कमी केला आणि उरलेल्या तिन्ही वेळा ताप आला नाही. डोस कमी करणं म्हणजे हार मानणं, असा विचार मनात आणू नका.

ताप आहे, प्लेटलेट कमी आहेत, पण दिवस जुळत नाही

ऑगस्टमध्ये विश्रांतीच्या आठवड्याच्या शेवटी, काउंट सावरायला हवा तेव्हा, तिच्या प्लेटलेट घसरल्या आणि बारीक ताप आला. कालनिर्णयवरचा आकडा तळाशी जुळत नव्हता. कान उलटे करून बघितले तर आतल्या घडीत एक गोचीड. तपासणीत एर्लिकिया, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून येणारा जंतू, निघाला. गोचीडतापात ताप येतो, प्लेटलेट पडतात, गाठीसुद्धा सुजतात, म्हणजे केमोचा त्रास आणि आजार उलटणं या दोन्हींचा भास एकाच वेळी होतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे डोक्यात ठेवावंच लागतं. शक्यतो केमो सुरू करायच्या आधीच एर्लिकिया आणि बबेसिया या गोचिडीतून येणाऱ्या दोन्ही जंतूंची तपासणी करा आणि गोचिडीचं औषध एकही महिना चुकवू नका.

यावरचं औषध डॉक्सीसायक्लिन. केमोचं डॉक्सोरुबिसिन. घरात दोघांनाही ‘डॉक्सी’ म्हणायला लागलात तर फोनवर घोटाळा होतो. पूर्ण नावं लिहा, पूर्ण नावं बोला.

लाल शू

डॉक्सोरुबिसिन दिसायलाच लाल असतं. ते दिल्यावर पहिले एक-दोन दिवस शू केशरी-लालसर दिसू शकते. कुत्रं आरामात, एका दमात शू करत असेल तर तो औषधाचा रंग. सायक्लोफॉस्फमाइडनंतरची लाल शू मात्र वेगळी. त्या औषधाचं शरीरात जे रूपांतर होतं त्यातला एक घटक मूत्राशयाच्या अस्तराला जाळतो. कुत्रं दर पाच मिनिटांनी बसतं, कुंथतं, चार थेंब टाकतं, शेवटचे थेंब रक्ताचे. हे दिसलं तर पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांशी बोला. बहुधा ते औषधच बदलतात. टाळण्यासाठी गोळी सकाळी द्यायची, म्हणजे दिवसभर शूला नेता येतं. त्या दिवशी पाण्याचं भांडं कधीच रिकामं ठेवायचं नाही, दर दोन तासांनी बाहेर न्यायचं, आणि रात्री झोपायच्या आधी एकदा हमखास. लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड सोबत देतात ते याच कारणाने.

प्रेडनिसोलोनवर कुत्रं घटाघटा पाणी पितं, रात्री घरातच शू होते, धापा टाकतं, अधाशासारखं खातं. तिला रागावू नका, तिच्या हातात ते नसतं. ती गोळी एकदम बंद करू नका आणि मेलॉक्सिकॅमसारख्या वेदनाशामकाबरोबर देऊ नका, पोटात जखमा होतात. आणखी एक गोष्ट, जी आम्हाला उशिरा कळली. निदान व्हायच्या आधी एका दवाखान्यात गाठी दिसल्याबरोबर तिला स्टेरॉइड दिलं गेलं. गाठी बसल्या, आम्ही खूश झालो. पण आधीपासून एकटं स्टेरॉइड चालू असेल तर पुढे केमोचा गुण कमी येऊ शकतो आणि निदानही झाकलं जातं. गाठ दिसली की आधी सुई टाकून तपासणी, मग औषध, असा आग्रह धरा.

पायाला सूज

व्हिन्क्रिस्टिन आणि डॉक्सोरुबिसिन शिरेच्या बाहेर सांडलं तर आजूबाजूचं मांस जळतं. इंजेक्शनची जागा रोज बघा. लाली, सूज, सारखं चाटणं दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. डॉक्सोरुबिसिनची जखम कधी कधी आठवड्याभराने वर येते. मनाने शेक देऊ नका: एका औषधाला गरम चालतो, दुसऱ्याला थंडच लागतो. डॉक्सोरुबिसिनचा हृदयावरही परिणाम साठत जातो, म्हणून त्याच्या एकूण डोसांना मर्यादा असते. डोबरमन, बॉक्सर असेल तर आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या.

केसांची काळजी करू नका. बहुतेक कुत्र्यांचे केस जात नाहीत. मिशा झडतात, इंजेक्शनसाठी भादरलेली जागा उशिरा भरते. पूडल, शित्झू, ल्हासा यांचे केस सतत वाढणारे असल्याने ते विरळ होतात आणि नंतर परत येतात.

घरातली माणसं

त्या वर्षी माझी धाकटी जाऊ गरोदर होती. औषधाचा अंश शी-शू-उलटीतून दोन-तीन दिवस बाहेर पडत राहतो. त्या दिवसांत तिने मैनाचं काहीही साफ करायचं नाही, लहान मुलांनीही नाही, असं ठरवून टाकलं. साफ करणाऱ्याने हातमोजे घालायचे, शी दुहेरी पिशवीत, फरशी आधी कागदाने टिपून मग साबणाने, तिची अंथरुणं वेगळी धुवायची. अंगणात शू झाली की वर बादलीभर पाणी. केमोची गोळी तोडायची नाही, कुटायची नाही, कॅप्सूल उघडायची नाही. गोळी पनीरच्या तुकड्यात घालतानाही हातमोजे. तिला कुरवाळायला, शेजारी झोपवायला हरकत नव्हती, आणि जाऊबाई तिच्या पाठीवर हात ठेवून तासन्‌तास बसायची.

उपचाराविना या आजारात कुत्रं बहुधा महिना-दीड महिना काढतं. पूर्ण केमोने अनेकांना वर्षभराच्या आसपास मिळतं, एखादं दोन वर्षंही काढतं. बरं होणं क्वचितच. म्हणून डोस माणसांपेक्षा सौम्य ठेवलेले असतात. मिळालेले दिवस तिने खात-पीत, फाटकावर भुंकत काढावेत यासाठीच हे सगळं. नोंदींत सलग दोन फेऱ्यांत वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त भरले, तर ते पान डॉक्टरांपुढे ठेवा आणि डोस कमी करायचा, औषध बदलायचं की थांबायचं, हे स्पष्ट विचारा.

पहिल्या इंजेक्शनच्या आधी एक काम आजच करून टाका. तुमच्या डॉक्टरांचा दवाखाना रात्री बंद असतो का? असेल तर रविवारी मध्यरात्री कुत्र्याला दाखल करून सलाईन लावणारं ठिकाण कुठलं, हे दिवसाउजेडी फोन करून विचारा. तिथला नंबर, गाडी चालवणाऱ्या शेजाऱ्याचा नंबर, शेवटच्या इंजेक्शनचं नाव आणि तारीख एका कागदावर लिहून थर्मामीटरच्या डबीत ठेवा. आमचा कागद त्या सकाळी नव्हता, आणि नंबर शोधण्यात चाळीस मिनिटं गेली.